ऐकणाऱ्याचा हात

"काका, हे निळं कसलं?" फरशीवाल्या मिस्त्रीने बाथरूममधून विचारलं आणि मी हातातला कप खाली ठेवला. ठेवताना आवाज झाला नाही. माझ्या घरात कप ठेवल्याचा आवाज होत नाही, कारण टेबलावर मीच रबर अंथरलंय. मी जाऊन बघितलं तर मिस्त्री उकिडवा बसून भिंतीच्या खालच्या रांगेतल्या एका फरशीवर अंगठा घासत होता. जमिनीपासून वीतभर उंचीवर, पांढऱ्या फरशीवर निळ्या रेघोट्या, एकावर एक चढलेल्या, आणि मधोमध छोटासा टवका उडालेला. "कुणीतरी आपटलंय इथं काहीतरी," तो म्हणाला. "पोरांचं काम असणार." घरात पोरं नाहीत, मी म्हणालो. वॉशिंग मशीन घासलं असेल. वॉशिंग मशीन तिथे मीच आणून ठेवलं होतं, वर्षभरापूर्वी, ती जागा झाकायला, आणि आज सकाळी त्यानेच ते ओढून पॅसेजमध्ये नेलं होतं. मशीन पांढरं आहे. मिस्त्रीने एकदा मशीनकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि शहाण्या माणसासारखा विषय सोडून दिला. "खालच्या रांगेपासून फोडायला घेतो," म्हणाला. "सिमेंट घेऊन येतो, तासाभरात सुरू करू. तोवर ताईंना रंग ठरवायला सांगा." ताई म्हणजे माझी मुलगी. ती येतच होती. तासाभराने ती फरशी फुटून पोत्यात जाणार होती, आणि मग मी तिला काही सांगितलं नाही तरी जगात कुणालाही काही कळणार नव्हतं. मिस्त्री जिना उतरून गेला. मी तिथेच, बाथरूमच्या उंबऱ्यावर, भिंतीला धरून उभा राहिलो.

माझा धंदा आवाज मारण्याचा. पाणबुड्यांचे आराखडे करणाऱ्या कचेरीत मी पस्तीस वर्षं काढली आणि तिथे माझं टेबल आवाजाचं. लग्नाच्या वेळी सासऱ्यांनी विचारलं होतं, म्हणजे नेमकं काय करता? मी म्हणालो, पाणबुडीचा आवाज बाहेर जाऊ देत नाही. ते म्हणाले, पाण्याखाली ऐकतंय कोण? आता काय सांगायचं त्या भल्या माणसाला. पाण्याखाली फक्त ऐकणारेच असतात. तिथे उजेड फार लांब जात नाही, आवाज मात्र कोसच्या कोस जातो. त्यामुळे पाणबुडीत जे जे असतं ते कशासाठी तरी असतं, शोभेचं काही नसतं. अंग गोल, कारण कोपरा दिला की पाण्याचा दाब तिथे एकवटतो आणि गोलावर तो सगळीकडे सारखा वाटला जातो. वरचं झाकण बाहेरून बसणारं, म्हणजे जितकं खोल जावं तितकं पाणीच त्याला घट्ट दाबून धरतं. बाहेरच्या अंगाला टाक्या, पाणी घेतलं की बुडायचं, हवेने पाणी हुसकलं की वर यायचं. पंख्याला सात वाकडी पाती, म्हणजे पाण्यात ठोके पडत नाहीत. सगळ्या अंगाला बाहेरून रबराच्या लाद्या. आणि आतली यंत्रं एका लोखंडी तराफ्यावर, तो तराफा रबरी ठोकळ्यांवर, म्हणजे यंत्र कितीही थरथरलं तरी ती थरथर कवचापर्यंत पोचू नये. ते ठोकळे माझे. एकदा कुणा फिटरच्या हातून एक पाना तराफा आणि कवच यांच्या मधल्या फटीत पडला आणि तिथेच राहिला. बोटभर पाना, पण त्याच्यावरून सगळ्या यंत्रांचा आवाज पाण्यात उतरत होता, आणि आम्ही तीन आठवडे डोकं धरून बसलो होतो. तेव्हापासून मला खोड लागली. कुठल्याही घरात गेलो की काय कशाला टेकलंय ते आधी बघतो.

पहिल्यांदा खोल चाचणीला गेलो तेव्हा खलाशांनी मला गंमत दाखवली होती. पाणबुडी वर असताना त्यांनी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एक दोरी ताणून बांधली, टिचकी मारली तर वाजेल इतकी ताठ. खाली गेलो तशी ती सैल पडत गेली आणि शेवटी मधे चांगला झोळ आला. दोरी तीच होती, भिंती जवळ आल्या होत्या. घरी येऊन मी हे बायकोला सांगितलं. ती चादरीच्या घड्या घालत होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "लोखंडाला कळतं हो दाब आलेला. तुम्हाला कसं कळत नाही?" काय झालं होतं तेव्हा, कशावरून म्हणाली, आठवत नाही. मी हसलो होतो एवढं आठवतं. ती अशीच बोलायची, येताजाता, भांडी आदळत, दारं आपटत, आणि आंघोळ करताना तर गळा मोकळा सोडून गायची. सूर बरा होता, शब्द सगळे चुकीचे. एकच गाणं, तीस वर्षं, एकाच जागी तेच चुकायचं. मुलगीही आईवर गेलेली. तान्ही असताना असं काही रडायची की शेजारचे येऊन विचारायचे, म्हणून तिचं घरातलं नाव भोंगा पडलं. आता ती चाळिशीला आली, एका मोठ्या दुकानाच्या मालाचं सगळं बघते, चार माणसं हाताखाली आहेत, पण माझ्या तोंडात अजून भोंगाच येतं.

कचेरीतलं माझं पहिलं काम ठोकळ्यांचं नव्हतं, हातोड्याचं होतं. पाणबुडीच्या दोन्ही टोकांच्या कप्प्यांत एकेक हातोडा असतो. पाणबुडी तळाला जाऊन बसली, वीज गेली, सगळं बंद पडलं, तर आत अडकलेल्यांनी त्या हातोड्याने कवचावर ठोकायचं. वरची शोधणारी जहाजं ठरल्या वेळी आपली यंत्रं बंद करतात आणि ऐकत बसतात. पण हाच हातोडा एरवी भिंतीवर खुळखुळला तर पाणबुडी पकडून देईल. म्हणून त्याला रबराची खोबण हवी, अशी की हातोडा एरवी जरासुद्धा हलू नये आणि वेळ आली की अंधारात एका हाताने सुटावा. सहा महिने लागले मला. बायको म्हणाली, एवढं शिकलात आणि हातोड्याला गादी शिवलीत. आमचे थोरले साहेब मात्र ती खोबण हातात घेऊन बराच वेळ दाबून बघत बसले होते. मग म्हणाले, "बाळ, मुक्याने फिरायचं हे खरं. पण मरायची वेळ आली तर हाक मारता आली पाहिजे. तेवढी सोय ठेवली नाही तर ती पाणबुडी नव्हे, पेटी." मी ते वहीत लिहून घेतलं होतं. वही अजून कपाटात आहे, आणि त्या वाक्याखाली दोन रेघा मारलेल्या आहेत. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

गोदीतल्या चाचणीचा आमचा एक नियम होता, तो सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. एक माणूस पाणबुडीच्या एका टोकाला हातोडा घेऊन ठोकत राहायचा, दुसरा पार दुसऱ्या टोकाला कान देऊन बसायचा, मधली सगळी दारं बंद. ठोकणाऱ्याला कळायला मार्ग नाही की पलीकडे काही पोचतंय का. तेव्हा नियम असा की ऐकणाऱ्याने आपलं काम झालं की स्वतः चालत यायचं आणि ठोकणाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवायचा. हात पडेपर्यंत ठोकणाऱ्याने थांबायचं नाही. हात दुखो, जेवणाची सुट्टी होवो. एकदा मी ऐकायला बसलो होतो, काही ऐकू येईना, म्हणजे चाचणी पास, म्हणून खुशीत तसाच कचेरीत कागद लिहायला निघून गेलो. पाऊण तासाने आठवलं. धावत गेलो तर तो फिटर घामाने निथळत ठोकतोच आहे. हात ठेवला तसा थांबला, वळून म्हणाला, "साहेब, खांदा केव्हाचा इथंच आहे, हात कुठं अडकला होता?" पुढे वर्षभर गोदीत मला हात अडकलेले साहेब म्हणत. घरी सांगितलं तेव्हा मायलेकी पोट धरधरून हसल्या. आणि त्याचा त्यांनी खेळ केला. मी संध्याकाळी घरी आलो की भोंगा स्वयंपाकघरात ताटली घेऊन बसायची, चमच्याने बडवायला लागायची, आणि मी बूट काढून, हातपाय धुऊन, येऊन खांद्यावर हात ठेवेपर्यंत थांबायची नाही. आई तिला शिकवायची, थांबू नकोस हं, दमलीस तरी थांबू नकोस, बाबा येतातच. मी येतच असे.

मग निवृत्त झालो आणि घर तपासायला घेतलं. कचेरीत असताना घरातले आवाज कानाआड व्हायचे, आता दिवसभर तेच. फ्रिज थरथरतो तो जमिनीला टेकलाय म्हणून, खुर्ची किंचाळते ती पायाला बूच नाही म्हणून. मला ते सगळे दोष दिसत. एकेक करून काढले. फ्रिजखाली ठोकळे, खुर्च्यांना बुचं, ड्रॉवरच्या आत फेल्टचं मऊ कापड, दारावरची घंटा काढून तिच्या जागी दिवा, माझ्या पायात मऊ रबराच्या सपाता. बायको म्हणायची, बोकोबा, निदान घसा तरी खाकरत जा, एखाद्या दिवशी माझं काळीज बंद पडेल. मग दारांच्या चौकटींना रबराच्या पट्ट्या. माझ्या खोलीच्या आणि बाथरूमच्या मधे एकच भिंत, तिला माझ्या बाजूने आवाज शोषणारे तक्ते ठोकले. सगळ्यात शेवटी बाथरूमचं दार. पट्टी चिकटवत होतो तेव्हा ती हातात टॉवेल घेऊन मागे उभी होती. "माझं गाणं नको झालंय, असं सरळ म्हणा की." गाणं नव्हे गं, पाण्याचा आवाज, मी म्हणालो. खोटं बोललो. "करा, करा तुमची पाणबुडी," ती म्हणाली, "आणि मला द्या खलाशाची टोपी." त्यानंतर ती गायची की नाही मला माहीत नाही. गात असावी. गाणं सोडणारी बाई नव्हती ती. पण शेवटचं कधी गायली ते मला सांगता येणार नाही, कारण पट्टी उत्तम बसली होती. दार नुसतं ओढून घेतलं तरी धरून ठेवायची. कडी लावायची गरज नव्हती, आणि ती लावतही नसे.

मुलगी आली तेव्हा मी अजून उंबऱ्यावरच होतो. तिच्याकडे किल्ली असते. हातात फरशीच्या नमुन्यांची पुस्तिका, खांद्याला पिशवी, पिशवीत धरायचे स्टीलचे दांडे. बाथरूममध्ये माझ्यासाठी आधाराचे दांडे बसवायचे, फरशी न घसरणारी घ्यायची, हे सगळं तिचंच. आई इथे पडून गेली, तुमचं तसं होऊ देणार नाही, असं महिनाभर चाललं होतं. "इथे काय करताय बाबा, चहा घेतलात का?" असं विचारते आहे तोच तिचा फोन वाजला आणि तिने तो इतक्या घाईने काढला की पुस्तिका खाली पडली. पहिल्या घंटीला. कुणीतरी चुकून लावला होता. तिने शांतपणे राँग नंबर म्हणून सांगितलं आणि फोन ठेवला. वर्षभर हे असं आहे. कुणाचाही फोन पहिल्या घंटीला. गाडी चालवताना, बैठकीत, एकदा तर डोळे तपासताना मधेच उठली. वरिष्ठांची बोलणी खाल्ली, जावई वैतागला, पण सवय सुटेना. कारण त्या दिवशी सकाळी दहा पन्नासला आईचा फोन आला होता आणि कामात होती म्हणून हिने कापला होता. कापलेला तो फोन तिने अजून यादीत ठेवलाय.

"कालही स्वप्नात आली," ती पॅसेजमध्ये मशीनला टेकून म्हणाली. "नुसती फोन धरून उभी. बाबा, तिला बरं वाटत नव्हतं म्हणूनच तिने फोन केला असणार. तुम्हाला सांगायची नाही ती. काही दुखलं-खुपलं की आधी मला सांगायची. मी उचलला असता तर म्हटलं असतं, आंघोळीला जाऊ नकोस, पड जरा. एवढंच तर म्हणायचं होतं." हे मी शंभरदा ऐकलंय. दर वेळी मी म्हणतो, असं काही नसतं गं, वेळ आली होती, एका क्षणात शुद्ध गेली, तिलाही कळलं नसेल. हॉस्पिटलात तिने पहिल्यांदा विचारलं तेव्हा तोंडातून हेच निघालं होतं, एका क्षणात. आणि एकदा निघालेलं वाक्य मग घरात राहायलाच आलं. लोकांनी तेच धरलं, नातेवाइकांनी तेच सांगितलं, सुटली बिचारी म्हणाले. मीही मान हलवली. तो फोन कशासाठी होता ते मला माहीत होतं. माझ्यासमोर केला होता. पण एक सांगितलं की पुढचं विचारलं जाणार, आणि पुढचं सांगितलं की भोंगा माझी राहणार नाही, या भीतीने मी वर्षभर तिला त्या फोनाखाली चिरडत ठेवलं. बाप म्हणवतो स्वतःला. आताही मी तेच वाक्य बोलायला तोंड उघडलं, असं काही नसतं गं. ती म्हणाली, "तुम्ही नेहमी हेच म्हणता. राहू द्या." आणि पुस्तिका उचलून रंग बघायला लागली. पानं उलटताना तिचं लक्ष नव्हतं, एकाच करड्या रंगावरून बोट तीनदा फिरलं. तेवढं मला बघवलं नाही.

"स्वेटर," मी म्हणालो. तिने वर पाहिलं. "तुझे शाळेतले स्वेटर कपाटात होते, ते देऊन टाकू का, हे विचारायला फोन केला होता तिने. माझ्यासमोर. तू उचलला नाहीस तर म्हणाली, कामात असेल, दुपारी विचारते. हसत होती. ठणठणीत होती. मला म्हणाली, साडेअकराला चहा आणते, तोवर आंघोळ उरकते." पुस्तिका तिच्या हातात तशीच उघडी होती. "मग मला का नाही सांगितलंत?" अगदी हळू आवाजात. "वर्ष झालं, बाबा." आता थांबता येणार नव्हतं. मी माझ्या खोलीत गेलो, हत्यारांच्या कपाटातून, रबराच्या तुकड्यांच्या मागून, फडक्यात गुंडाळलेला आंघोळीचा मग काढला आणि आणून तिच्या हातात दिला. निळा, प्लॅस्टिकचा. कडेला तडा गेलेला, तळाचा एक कोपरा झिजून पांढरा पडलेला. तिने तो उलटसुलट करून पाहिला. मग मी तिला फरशी दाखवली.

कसं सांगितलं ते मला नीट आठवत नाही. वाकडंतिकडं सांगितलं. त्या दिवशी मी खोलीत होतो. कचेरीतल्या एका नव्या इंजिनिअरने त्याचा आराखडा बघायला पाठवला होता, तो बघत होतो, आणि मनात आलं होतं की किती छान शांत आहे, असं शांत घर कुणाचं नसेल. साडेअकरा झाले, चहा आला नाही. पावणेबारा झाले. मी चिडलो. चहा का आला नाही ते विचारायला उठलो, तिची काळजी वाटून उठलो नाही, हेही मी मुलीला सांगितलं, कारण तेही खरं होतं. स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. बाथरूमचं दार नुसतं ओढलेलं होतं. रबराने धरलेलं दार मी खेचलं आणि आवाज आला. टक्. ती भिंतीशी कुशीवर पडली होती, केस ओले, तो निळा मग हातात. हात बोटभर मागे घ्यायची आणि भिंतीच्या फरशीवर टाकायची. टक्. डोळे मिटलेले होते, शुद्ध होती का नव्हती देव जाणे, हात मात्र चालू होता. किती वेळ चालू होता ते फरशीवरच्या रेघा मोजून कळणार नाही, मी मोजून पाहिलंय. अर्धा तास असेल. जास्तही असेल. मी खाली बसलो आणि तिला हलवायला खांद्यावर हात ठेवला. हात ठेवला आणि ती थांबली. हातात घट्ट धरलेला मग सुटला. मी आलो असं तिला कळलं. नियम तिने पाळला. त्यानंतर ती हलली नाही, बोलली नाही, तीन तासांनी हॉस्पिटलात गेली. डॉक्टर मला कॉरिडॉरमध्ये घेऊन म्हणाले होते, आजोबा, अर्धा तास आधी आणलं असतं तर काहीतरी करता आलं असतं. तू तेव्हा हॉस्पिटलचा जिना चढत होतीस, मी मुलीला म्हणालो.

मुलगी रडेल, ओरडेल, निघून जाईल, असं मी वर्षभर काय काय योजून ठेवलं होतं. तिने तसलं काही केलं नाही. चप्पल काढली. तो निळा मग घेऊन बाथरूममध्ये गेली, फरशीसमोर बसली आणि म्हणाली, "तुम्ही खोलीत जा. दार लावा." मी म्हणालो, कशाला भोंगा, उठ, जमीन ओली आहे. "जा तुम्ही," ती म्हणाली. "चाचणी घ्यायची आहे मला." तिने बाथरूमचं दार आतून ओढून घेतलं. ते नेहमीसारखं बसलं, हाक ना बोंब. मी खोलीत आलो, दार लावलं, खुर्चीत बसलो. त्याच खुर्चीत. समोर तेच टेबल. कान टवकारून बसलो, आयुष्यभर ज्याचा पगार घेतला ते काम करायला. काही नाही. भिंतीला कान लावला, तक्त्याचा खरखरीत स्पर्श, काही नाही. घड्याळाचा काटासुद्धा मी बिनआवाजी घेतलेला. तीन मिनिटं झाली. ती ठोकत नसेल असं वाटलं, रडत बसली असेल, किंवा दार उघडून निघूनही गेली असेल, आणि त्या कल्पनेने मला क्षणभर बरं वाटलं, आणि मग समजलं की त्या दिवशीही असंच बरं वाटत होतं मला, याच खुर्चीत, हेच ऐकू न येणं. गोदीत या न ऐकू येण्याला आम्ही पास म्हणायचो. काही ऐकू आलं नाही, असं लिहून मी सह्या केल्यात, शेकडो. थोरले साहेब त्या सह्यांवर खूश असायचे. पाच मिनिटं. सहा. माझ्या तळव्यांना घाम आला, सपाता चिकट लागायला लागल्या म्हणून पाय त्यांतून काढले, आणि अनवाणी जमिनीवर टेकवले.

तेव्हा कळलं. कानाला नाही, तळव्याला. अगदी बारीक, जमिनीतून, थांबून थांबून. कुठेतरी काहीतरी टेकलेलं राहून गेलं होतं, माझ्या हातून सुटलेलं, आणि त्या वाटेने ते येत होतं. वर्षापूर्वीही आलं असणार. मी सपाता घालून बसलो होतो. त्या क्षणी तिच्या नावाने हाक मारावीशी वाटली, मुलीच्या नाही, बायकोच्या. मी उठलो. खोलीचं दार उघडलं, पॅसेज ओलांडला, भिंतीला धरत, मशीनला अडखळत. बाथरूमचं दार खेचलं. रबर सुटलं आणि आवाज आला, घर भरून आवाज, प्लॅस्टिकचा फरशीवर, टक्, टक्, टक्. मुलगी भिंतीशी बसली होती, केस विस्कटलेले, चेहरा ओला, उजवा हात दुखत होता म्हणून तो मग आता डाव्या हातात. जुन्या रेघांवर नव्या निळ्या रेघा उमटल्या होत्या. तिने वळून पाहिलं नाही. "किती वेळ लावलात, बाबा," ती म्हणाली.

मी खाली बसलो, गुडघे वाजले, आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला. नियमाप्रमाणे तिने थांबायला हवं होतं. लहानपणी थांबायची, हात पडला की ताटली टाकून माझ्या गळ्यात पडायची. मी हात तसाच ठेवला. खाली जिन्यात मिस्त्रीची पावलं वाजली, सिमेंटची गोणी टेकवल्याचा आवाज आला, सगळं स्वच्छ ऐकू येत होतं. ती ठोकत राहिली.